बेवारस किलोमीटर

विल्फ्रेड गार्बट फेब्रुवारीत वारला आणि ऑक्टोबरमध्ये वाहतूक खात्याची एक बाई त्याला भेटायला आली.

दार बेरिलने उघडलं. तिचे हात पिठाचे होते. बाईने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं, आपलं नाव लॉकवूड असं सांगितलं आणि विचारलं, "मिस्टर गार्बट आहेत का घरी?"

"नाहीत."

"कधीपर्यंत येतील?"

"आता नाही यायचे. हूक रोडच्या दफनभूमीत आहेत. कुंपणाकडची ओळ. दगड नवा आहे, लगेच सापडेल तुम्हाला."

लॉकवूडबाईंचा चेहरा असा काही झाला की बेरिलने त्यांना आत घेतलं. असा चेहरा झालेल्या माणसाला गूलसारख्या गावात दारात उभं ठेवत नाहीत. चहा झाला. बाई दोनदा माफी मागून म्हणाल्या, "हॅरॉप यांच्या लॉरी कंपनीत आम्हाला सांगितलं, ते आता कामावर नाहीत म्हणून."

"खोटं नाही सांगितलं त्यांनी," बेरिल म्हणाली.

लॉकवूडबाईंनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत हॅरॉपच्या लॉऱ्या बऱ्याचदा चालकाच्या कार्डाशिवाय धावल्या होत्या. कार्ड का नव्हतं, याच्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच उत्तर होतं: रोड टेस्ट, डब्ल्यू. गार्बट. बेरिलने चष्मा लावला. विल्फ एप्रिलमध्ये लिंकनला जाऊन आला होता. मे महिन्यात केंब्रिजच्या बाजूला होता. जूनमध्ये तर आठवड्यातून दोनदा कुठे कुठे हिंडत होता.

"जिवंत होता तेव्हा ब्रिडलिंग्टनला समुद्रावर चल म्हटलं की गुडघा दुखायचा याचा," ती म्हणाली.

बाईंना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी शेवटच्या कागदावरच्या पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं. सप्टेंबरातला एक गुरुवार. नेवार्कच्या ट्रकथांब्यावर कार्ड बाहेर आलं, आणि नंतर गूलपर्यंत अठ्ठ्याऐंशी किलोमीटर गाडी नुसतीच धावली. वाटेतल्या कॅमेऱ्यांनी ती टिपली होती, पण कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, आत कोण बसलंय ते दिसत नाही.

"ही कोणी चालवली असेल, काही कल्पना आहे तुम्हाला?"

बेरिलने गाडीचा नंबर वाचला. मग तारीख वाचली. मग कप बशीत नीट बसवून ठेवला.

"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

हे खरं नव्हतं. चाळीस वर्षं लॉरीच्या फिटरशी संसार केलेल्या बाईला त्यातलं सगळं कळत होतं. नंबर तिच्या मुलाच्या, क्रेगच्या गाडीचा होता. आणि तारीख ती विसरणं शक्य नव्हतं.

लॉरीच्या काचेखाली गाडीतल्या रेडिओएवढा एक डबा असतो. त्याला टॅकोग्राफ म्हणतात. चालकाने आपलं कार्ड त्यात सरकवलं की गाडी किती चालली, केव्हा थांबली, चालक किती वेळ विसावला, ते सगळं त्याच्या नावावर चढतं. सगळा देश मैलांत बोलतो, हा डबा मात्र किलोमीटरांत मोजतो. दिवसाचे चालवायचे तास संपले की चालकाने असेल तिथे थांबून झोपायचं, असा कायदा आहे. कार्ड काढून घेतलं तर गाडी अडत नाही, डबाही मोजायचं थांबवत नाही. तो किलोमीटर लिहून घेतो आणि नावाची जागा कोरी ठेवतो. कार्ड हरवलं असेल तर निघताना आणि पोचल्यावर डब्यातून चिठ्ठी छापायची आणि तिच्या पाठीवर आपलं नाव-गाव हाताने लिहून सही करायची. तेही केलं नाही, तर दर सोमवारी कचेरीतल्या सँड्रा पोस्किटच्या पडद्यावर लाल ओळ उमटते आणि तिला त्या किलोमीटरांचा धनी शोधावा लागतो. यार्डात त्यांना बेवारस म्हणत.

बेवारस किलोमीटर फिटरचे असू शकतात. दुरुस्तीनंतर गाडी बाहेर काढून बघायला कार्ड लागत नाही. विल्फ शाळा सोडल्यावर हॅरॉपच्या बापाकडे कामाला लागला तेव्हा डब्यात कागदी चकत्या असायच्या आणि खरा वेग उमटू नये म्हणून चालक सुईला रबरबँड बांधून ठेवायचे. त्याची रोड टेस्ट तेव्हापासून ठरलेली. यार्डातून पाण्याच्या दोन टाक्यांपर्यंत जायचं, चौकाला वळसा घालायचा आणि परत. काच खाली, टोपी मांडीवर, रेडिओ बंद. "इंजिन बोलतं, तेव्हा आपण गप्प बसावं," असं तो म्हणायचा, आणि घरीही तसाच गप्प बसायचा. कंटाळा आला की बेरिल म्हणायची, "मी इंजिन असते तर बरं झालं असतं."

पहिली खोटी सही त्याने एका चालकासाठी केली. त्या चालकाच्या बायकोला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि त्याचे तास फेरीब्रिजला संपले होते. घर अर्ध्या तासावर. तो कार्ड काढून आला. सोमवारी सँड्राने लाल ओळ दाखवली, तेव्हा विल्फ म्हणाला, "टाक माझ्या नावावर." तिथून यार्डात ते शब्द रुळले. विल्फच्या नावावर टाक. मात्र त्याचा एक नियम होता. फक्त घराकडे येणारे किलोमीटर, आणि तेही थोडे. शिवाय ज्याचे असतील त्याने स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन सांगायचं. तो आला की विल्फ हातातला पाना खाली ठेवून त्याला सगळ्यांदेखत फाडून खायचा. "अरे गाढवा, झोपेत चालवतोस? उद्या तुला खरवडून काढायला मलाच बोलावतील, ठाऊक आहे? माझा रविवार जाईल त्यात!" शिव्या खाऊन झाल्या की सही. बरेच जण शिव्यांच्या धाकाने नेवार्कलाच झोपत.

विल्फ गेल्यावर हॅरॉपने एजन्सीकडून विटास नावाचा लिथुआनियन फिटर आणला. त्याने पहिल्याच सोमवारी सँड्राला सांगितलं, "मी चालवलं नाही, मी सही नाही." सँड्राच्या पडद्यावर कारणांची यादी उघडत असे. तिच्यात विल्फचं नाव अजून होतंच. नाव काढलं की त्याच्या नावावरच्या मागच्या सगळ्या ओळी पुन्हा लाल होत, आणि दरेकीचा जाब नव्याने द्यावा लागे. तिने नाव राहू दिलं. आणि ते होतंच, तर वापरलं. आता कोणाला वर्कशॉपमध्ये जाऊन काही सांगावं लागत नव्हतं. मेलेला विल्फ शिव्या देत नव्हता.

क्रेग त्या रविवारी जेवायला आला. बायको सोडून गेल्यापासून तो आईकडेच जेवत असे आणि बऱ्याचदा बैठकीतल्या कोचावरच झोपत असे. ट्रेलर यार्डात सोडून त्याने लॉरीचं पुढचं धूड नदीच्या भिंतीशी लावलं. ब्रेकची हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला तसे बेरिलने बटाटे ओव्हनमधून काढले.

तो चौतीस वर्षांचा होता आणि पन्नाशीचा दिसत होता. मांस कापून झालं, रस्सा वाढला, आणि बेरिल वाटाणे आणायला वळली तेवढ्यात त्याची मान खाली गेली. काटा हातातच.

"क्रेग."

"जागा आहे."

"वाहतूक खात्याची बाई आली होती. तुझ्या बापाला भेटायला."

त्याने काटा खाली ठेवला. "सँड्रा म्हणाली मला."

"मी त्याच्या दगडावर कोरायचे शब्द निवडत होते, तेव्हा तुम्ही त्याला लॉरीत बसवून फेलिक्स्टोच्या बंदरावर पाठवत होतात."

"आई, सगळेच करतात. मी नाव लिहीत नाही. सँड्रा यादीतून निवडते."

"तिला कोण सांगतं निवडायला?"

"कोणी सांगत नाही. कोणी काही बोलतच नाही. हॅरॉप म्हणतो, फेलिक्स्टो एका दिवसात करून यायचं. नाही जमत म्हटलं तर 'बरं' म्हणतो. पुढच्या आठवड्यात ती फेरी दुसऱ्याकडे, आणि मी यार्डात झाडू मारतोय. तू हॅरॉपला ओळखत नाहीस का?"

"मी तुझ्या बापाला ओळखत होते."

"बाबा सही करायचेच ना?"

"करायचा. आणि आधी तुझी सालटी काढायचा."

क्रेग हसला, पण डोळे हसले नाहीत. मग त्याने खुर्ची पुढे ओढली. हे बोलायलाच तो आला होता, हे तिला तेव्हा कळलं.

"ती बाई परत येईल. त्या गुरुवारचं विचारेल. माझं म्हणणं असं आहे की गाडी नेवार्कला खराब झाली, एजन्सीचा कोणी फिटर येऊन घेऊन गेला, आणि मी एकाच्या व्हॅनमधून संध्याकाळी इथे आलो. तुझ्याकडे जेवलो. तू एवढंच सांग, संध्याकाळी क्रेग इथे होता."

"कुठल्या संध्याकाळी?"

"त्या गुरुवारी."

बेरिल त्याच्याकडे बघत राहिली. त्याला खरंच लक्षात नसेल, असं तिला क्षणभर वाटलं.

"त्या गुरुवारी तुझ्या बापाच्या थडग्यावर दगड बसला," ती म्हणाली. "तू चारला येणार होतास. पाथरवट बार्लीने तो बसवला, पुसला, हत्यारं गोळा केली, आणि बिचारा माझ्याबरोबर उभा राहिला. मग तो गेला. मी गेट बंद होईपर्यंत उभी होते."

क्रेगचा चेहरा लाल झाला. "त्याच्यासाठीच तर निघालो होतो! तुझ्या त्या दगडासाठीच कार्ड काढलं मी! नेवार्कला झोपलो असतो तर शुक्रवार उजाडला असता!"

हे खरं असेलही. बेरिलने त्याला ते नाकारलं नाही.

"आणि बाकीच्या ओळी?" तिने विचारलं. "मे महिन्यात, जूनमध्ये? तेव्हाही दगड बसत होते?"

तो उठला, कोचावर जाऊन पडला आणि बूट न काढता झोपी गेला.

बेरिलने ताटं धुतली. मग कोट चढवून बाहेर आली. विल्फ कुठलीही गाडी बघताना आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचा. तशी तिने मारली. उजवी बाजू स्वच्छ होती. डाव्या बाजूचा आरसा नवा होता, त्याच्या आधाराचा दांडा मात्र जुना आणि वाकलेला. पायरीच्या जाळीत गवत अडकलं होतं. तिने ओढून पाहिलं. मुळासकट निघालं, वाळलेल्या मातीसह. तिच्यात लाल काचेसारखा एक तुकडा होता. रात्री रस्त्याची कड दिसावी म्हणून गवतात पांढरे खांब रोवतात, त्यांच्यावर चमकणारा तसला.

फांदी लागली तर आरसा फुटतो. गवत मुळासकट पायरीत येत नाही. त्यासाठी गाडी रस्ता सोडून खाली उतरावी लागते, आणि खांब आडवा करूनही चालकाला जाग यायला वेळ लागावा लागतो. विल्फ अशा गाड्या ओढून आणायचा. काहींत चालक नसायचा, कारण त्याला आधीच रुग्णवाहिकेतून नेलेलं असायचं. एका पहाटे तो परतला आणि आंघोळ करून न जेवता झोपला. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला की लॉरीवाल्याला काही झालं नाही, समोरच्या मोटारीत चौघं होती.

तिने तो तुकडा कोटाच्या खिशात टाकला. आत येऊन मुलाला विचारलं नाही. काय सांगेल ते तिला माहीत होतं: फांदी.

लॉकवूडबाईंच्या आधी सँड्रा आली. हॅरॉपने दिलेला चॉकलेटचा डबा घेऊन. ती दारातच रडायला लागली.

"बेरिल, मी काय करू सांग. मला दोन वर्षांत पेन्शन आहे. मी फक्त बटण दाबते."

"ते नाव दिसायचं तेव्हा काही वाटायचं नाही तुला?"

"पहिल्यांदा वाटलं," सँड्रा म्हणाली. "मग बरंच वाटायला लागलं. विल्फ अजून आहे, असं." तिने नाक पुसलं. "हॅरॉप म्हणतायत, क्रेग तुझ्याकडे होता एवढं सांगितलंस की प्रकरण मिटतंय. मुलाचं भलं बघ गं. एकुलता एक आहे."

"तेच बघतेय," बेरिल म्हणाली आणि चॉकलेटचा डबा तिच्या हातात परत दिला.

लॉकवूडबाई मंगळवारी आल्या. त्यांनी वही उघडून सरळ विचारलं, "त्या गुरुवारी संध्याकाळी तुमचा मुलगा इथे होता का?"

बेरिलने रात्रभर यावर विचार केला होता, असं नाही. गवत हातात आलं तेव्हाच तो संपला होता. तरीही तिने आधी टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले. बाईंनी घाई केली नाही.

"नव्हता," ती म्हणाली. "अंधार पडल्यावर कधीतरी आला. लॉरी घेऊनच आला."

"तुम्ही गाडी पाहिलीत?"

"ऐकली. ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज. चाळीस वर्षं तो ऐकून मी चहा ठेवलाय. दुसऱ्या कशाचा असू शकत नाही." मग तिने तो लाल तुकडा टेबलावर ठेवला. "हे गाडीच्या पायरीत होतं. तुम्ही आणखी विचारायच्या आत सांगते, म्हणजे पुन्हा यायला नको."

जबाबावर सही करताना तिने पूर्ण नाव लिहिलं, बेरिल ॲन गार्बट, आणि आडनावाशी पेन जरा थांबलं.

सुनावणी लीड्सला झाली, जानेवारीत. खोली बँकेच्या कचेरीसारखी होती, गालिचा नवा. वाहतूक आयुक्त करड्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. हॅरॉपने वकील आणला होता. सँड्राने सगळं खालच्या आवाजात कबूल केलं. आयुक्तांनी तिला विचारलं, "हे गृहस्थ वारले आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली, "शोकसभेतले सँडविच मीच केले होते, सर." कोणीतरी मागे हसलं आणि लगेच खोकलं.

क्रेगने नवा सदरा घातला होता. त्याने आईकडे पाहिलं नाही.

"बाबा गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नसतं," तो आयुक्तांना म्हणाला. "दिवसांची गल्लत करते. मी गुरुवारी तिथेच होतो. तिला दुसरी कुठली तरी रात्र आठवतेय. तिचा दोष नाही, सर. तिला जपावं लागतं आता."

हे तो इतक्या मायेने बोलला की बेरिलला वाटलं, तालीम केली असणार. वकिलाने मान हलवली. आयुक्तांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे वळून, आजारी माणसाशी बोलतात तसं विचारलं, "मिसेस गार्बट, दिवसाबद्दल तुमची खात्री आहे?"

ती उठून उभी राहिली. बसून बोललं तरी चालेल, असं आयुक्त म्हणाले, पण ती उभीच राहिली.

"त्या दिवशी माझ्या नवऱ्याचा दगड बसला, साहेब. असे दिवस फार नसतात, की गल्लत व्हावी. पाथरवट बार्लीला विचारा. दफनभूमीचं गेट लावणाऱ्याला विचारा. त्याने मला बाहेर काढलं. मुलगा गावात असता तर माझ्याशेजारी उभा असता. नव्हता. त्या वेळी तो गाडीत होता, आणि तुमच्या कागदावर गाडी त्याचा बाप चालवत होता. ज्या दिवशी आम्ही त्याच्यावर दगड ठेवला, त्या दिवशी."

क्रेग गालिच्याकडे बघत होता. बेरिल खाली बसली आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

बार्लीला विचारण्यात आलं. क्रेगचा लॉरीचा परवाना गेला. हॅरॉपच्या निम्म्या गाड्या यार्डातच उभ्या राहिल्या, आणि निम्मे चालक घरी बसले. सँड्राला पेन्शनपर्यंत थांबता आलं नाही. विल्फचं नाव यादीतून निघालं. ते मात्र कोणी बेरिलला कळवलं नाही. बोथफेरी रोडवरच्या दुकानात ज्या बायका तिला रांगेत पुढे घ्यायच्या, त्या आता पाव निवडण्यात गुंतून जात. एकीने तोंडावर विचारलं, "पोटच्या पोराला कसं गं पकडून देववलं?" बेरिलने सुटे पैसे मोजून दिले आणि घरी आली. रविवारी ती आता ओव्हन लावत नव्हती. एका माणसासाठी मांसाचा तुकडा आणला तर तो सुकतो.

एप्रिलमध्ये एका दुपारी दार वाजलं. क्रेग उभा होता. मागे कोणाची तरी जुनी मोटार.

"बाबांची हत्यारांची पेटी न्यायचीय."

"शेडमध्ये आहे. किल्ली खिळ्याला."

तो मागे गेला. खिडकीतून तिने त्याला पाहिलं. गाजरं धुऊन पिशव्यांत भरायच्या कारखान्यात तो लागला होता, असं कानावर होतं. हात लाल आणि फुगलेले होते. अंग थोडं भरलं होतं. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. पेटी जड होती. दोनदा खाली ठेवून त्याने ती पुढच्या दाराशी आणली.

"चहा ठेवू?"

"नको."

त्याने पेटी मागच्या सीटवर ढकलली, दार आपटलं, आणि मोटारीच्या टपावरून तिच्याकडे बघत म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"नाही," बेरिल म्हणाली.

तो गाडीत बसायला वाकला. ती पायरी उतरून फाटकापर्यंत आली.

"झोप लागते का?"

तो तसाच वाकलेला थांबला.

"लागते," तो म्हणाला, गुन्हा कबूल केल्यासारखा, आणि गाडी सुरू केली.